राखणीला किती वाकळा न्याव्यात

वाकळा दोन न्याव्यात की एक, या प्रश्नाने माझी झोप उडाली होती. जगात मोठी लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, कापड रेशनवर आलं होतं, माणसं नाही नाही त्या काळज्यांनी वाळत होती. आणि मी, एकोणीस वर्षांची, सातवी पास, स्वतःला नगर जिल्ह्यातली सगळ्यात शहाणी बाई समजणारी, घडवंचीपाशी उभी राहून वाकळा मोजत होते.

तुम्ही म्हणाल, यात मोजायचं काय? थंडीचे दिवस, रानात मुक्काम, माणसं दोन, म्हणजे वाकळा दोन. ज्याला हा हिशेब सोपा वाटतो त्याचं लग्न भरल्या घरात झालेलं नसतं. दोन वाकळा काढल्या असत्या तर सासूबाई म्हणाल्या असत्या, नवी सून नवऱ्यावर रुसली वाटतं. एक काढली असती तर काहीच म्हणाल्या नसत्या, नुसत्या बघत राहिल्या असत्या. आणि ते बघणं मला सोसलं नसतं.

मी मूळची नगर शहरातली. वडिलांना शाळेचं वेड, म्हणून माझं लग्न लांबलं आणि सगळ्या नात्यात मी घोडनवरी म्हणून प्रसिद्ध झाले. मग वैशाखात एकदाची तिसगावच्या अलीकडच्या एका गावात दिली. घर धाब्याचं, ऐसपैस, पण माणसांनी ठासून भरलेलं. बायका माजघरात, पुरुष ओसरीवर, आणि आमचे हे बैलांच्या सोबतीला गोठ्यात. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा, आणि अंधार पडल्यावर घरातल्या सगळ्यांचे कान जागे. त्यामुळे मला त्यांची पाठ तेवढी नीट ओळखू यायची. तिसगावच्या बाजारात हजार पाठी ओळीनं उभ्या केल्या असत्या तरी मी नवरा बरोबर शोधला असता. पुढून मात्र खात्री नव्हती. लग्नाला सात महिने झाले होते आणि आमच्या संसारातलं सगळ्यात मोठं वाक्य होतं, "अर्धी वाढू का अजून?" तेही माझंच. त्यांचं उत्तर असायचं, "बास."

तर आता राखण म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे शाळूची ज्वारी दसऱ्याच्या पुढंमागं पेरतात. मार्गशीर्ष सरता सरता कणसात दूध भरतं, आणि ही बातमी माणसांच्या आधी पाखरांना कळते. उजाडायच्या आत थवेच्या थवे उतरतात. आमचं रान गावापासून लांब, ओढ्यापलीकडं डोंगराच्या पायाशी. रोज जाऊन येऊन भागायचं नाही. म्हणून दाणा टणक होईपर्यंत दोघांनी तिथंच खोपीत राहायचं, मचाणावर चढून पाखरं हाकायची, हे ठरलेलं. ते दोघे म्हणजे आमचे हे आणि त्यांची आजी. माझी आजेसासू. सगळं घर तिला आजीच म्हणायचं.

त्या वर्षी भाकरी थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "आवंदा म्हातारीला रानात धाडायची न्हाई. रातभर खोकती. हिलाच जाऊ दे की. नाय तरी हितं काय दिवे लावती?"

हिला म्हणजे मला. रान! खोप! दोघंच! त्यांना मला किती तरी विचारायचं होतं. त्यांना गोड आवडतं की तिखट, बैलांशी ते तासन् तास काय बोलतात, मी आवडले का, आणि आवडले असेन तर ते 'बास' म्हणायच्या आधी की नंतर.

तेवढ्यात अंगणातल्या उन्हातून आजीचा आवाज आला. म्हातारीला खोकला होता पण कान शाबूत होते. "कोन? ही नगरवाली? अगं थंडीनं बोळा व्हईल हिचा. दुसऱ्या दिशी रडत ईल गावात."

झालं. त्या क्षणापासून मला थंडी वाजत नाही हे सिद्ध करायच्या मागे मी लागले. आता आठवलं की त्या पोरीच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात. चुलीवर हंडाभर ऊन पाणी असताना मी मोठ्यानं म्हणायचे, "मला बाई ऊन पाणी सोसतच नाही," आणि गार पाण्याची घागर न्हाणीत न्यायचे. पहिला तांब्या अंगावर पडल्यावर माझ्या तोंडून जो आवाज निघायचा त्यानं गोठ्यातलं वासरू उठून उभं राहायचं. मग ओलेत्या केसांनी, अंगावर शाल नाही काही नाही, अशी सासूबाईंच्या समोरून फिरायचे. "आत्याबाई, आज जरा उकडतंय, नाही?" हे वाक्य दातांवर दात आपटत असताना म्हणून बघा. त्यात मधेच दोन-तीन जास्तीची अक्षरं येतात.

व्हायचं तेच झालं. नाक गळायला लागलं. शिंक आली की मी धावत जाऊन धान्याच्या कणगीत डोकं घालायचे, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. कणगीत धूळ. एका शिंकेला गेले की सात घेऊन यायचे.

शेजारी पिंजाऱ्यांचं घर होतं. हिवाळ्यात पिंजारीचाचा खांद्यावर कमान टाकून गावोगाव गाद्या पिंजत फिरायचे आणि चाची घरी एकट्या. भिंतीला भिंत लागून. एकदा मी कणगीतून डोकं बाहेर काढते तो चाची दारात उभ्या.

"बेटी," त्या म्हणाल्या, "तुमची कणगी लई शिंकती गं. तिला सुंठ-गुळाचा काढा द्यावा म्हन्ते मी."

"कणगीला नको चाची. बरी होईल ती."

"मग घोटभर तूच घे. कणगीला सांगू नगं."

चाचींचा काढा तिखटजाळ होता, पण त्यांच्या पोटात गोष्ट राहायची. निदान मला तसं वाटायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीला कणगीची तब्येत माहीत होती.

शेवटी आजीनंच बोलावलं. अंगणात गोफण घेऊन बसली होती. "थंडीचं राहू दे. नाटकं बघितली मी तुझी. पाखरं हाकता येत्यात का ते बोल."

"त्यात काय आहे आजी? दगड ठेवायचा, फिरवायचं आणि सोडायचं." हे मी म्हणाले. मीच. सातवी पास.

गोफण ही सुतळीची वेणी, मधे दगडाला खोबणी, एक टोक बोटात अडकवलेलं आणि एक चिमटीत धरलेलं. आजीनं बसल्या बसल्या नुसतं मनगट फिरवलं आणि टप्पकन असा आवाज काढला, की समोरच्या लिंबावरचे सगळे कावळे उडाले. मग गोफण माझ्या हातात दिली. लिंबाखाली आमचे हे गाडीच्या आसाला वंगण लावत होते. पाठ करून, अर्थातच. मला वाटलं, आता दाखवू या. मी पदर खोचला, अंगात आल्यासारखी गोफण गरागरा फिरवली आणि टोक सोडलं. दगड पुढं जायच्या ऐवजी मागं गेला. मागं चाचींचं दार. दारात पाण्याचा रांजण.

रांजणातून पाणी असं काही निघालं की कोंबड्या पळाल्या. चाची बाहेर आल्या, फुटका रांजण बघितला, मला बघितलं, हातातली गोफण बघितली, आणि म्हणाल्या, "या अल्ला! पाखरू लई मोठं मारलं की गं!"

आणि लिंबाखालून हसू आलं. आधी दाबलेलं, मग फुटलेलं. आमचे हे वंगणाचे हात पोटाशी धरून हसत होते. ते माझ्याकडं तोंड करून हसत होते, म्हणजे मला पहिल्यांदाच नीट दिसले. पुढचा एक दात जरासा तिरका होता. मला इतकी लाज वाटायला हवी होती की धरणीनं पोटात घ्यावं, पण मी उभी आपली त्या दाताकडं बघत. हे हसू अजून एकदा ऐकायला मिळावं एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. त्यासाठी गावातले सगळे रांजण फोडायची माझी तयारी होती.

आजीनं निकाल दिला. "हिला पाखरं भ्यायची न्हाईत, आपुनच भ्यायाचं. मी बी जाते. तिघं जाऊ. शिकवीन हिला."

तिघं! म्हणजे खोपीत मधे आजी. माझी स्वप्नं जिथल्या तिथं गारठली. वाकळांचा प्रश्न मात्र सुटला. माणसं तीन, वाकळा तीन, कुणाला काही बोलायला जागा नाही. इतका सोपा हिशेब आला आणि मला त्याचं काडीचं सुख झालं नाही.

तरी तयारीला लागले. आता तयारी म्हणजे मी काय केली बघा. नगरच्या छावणीत गोऱ्या शिपायांचे तंबू असायचे. पांढरे, ओळीनं, दोऱ्या ताणलेल्या. लहानपणी रस्त्यावरून जाताना आम्ही मैत्रिणी माना वळवून बघायचो. तंबूबाहेर घडीची खाट, खाटेवर आरसा, बाजूला चहाचं भांडं. उघड्यावर राहायचं म्हणजे असं, ही माझी पक्की समजूत. म्हणून मी माहेरची पत्र्याची ट्रंक भरली. त्यात आरसा, फणी, पावडरची डबी, छत्री, वासाचं तेल, आणि रुखवतात आलेल्या, कधीच न वापरलेल्या, निळ्या फुलांच्या दोन कपबश्या. दोनच होत्या म्हणून दोन, असं मी मनाला समजावलं.

सासूबाईंनी झाकण उचललं. मग त्यांनी आजीला हाक मारली, आजीनं चाचींना हाक मारली, आणि तिघी ट्रंकेभोवती अशा बसल्या जसं काही आत नागोबा आहे.

"छत्री कशापायी गं?" सासूबाईंनी विचारलं. "मार्गशीर्षात पाऊस पाडनार हाईस का?"

"दवासाठी," मी म्हणाले.

"आन ह्ये?" आजीनं कपबशी उचलून उन्हात धरली. "पाखरांना च्या पाजायचाय व्हय? मग तर ती उठायचीच न्हाईत."

चाची डोळे पुसत म्हणाल्या, "राहू द्या वो. येखांदा पाहुना आला तर?"

"त्या माळावर कोल्हा ईल पाहुना."

एकेक वस्तू बाहेर निघाली. तिच्या जागी पोत्यात खऱ्या वस्तू गेल्या. बाजरीचं पीठ, गुळाची ढेप, तिळाची चटणी, ठेच्याची बरणी, मिठाचा पुडा, तवा, काटवट. रॉकेल नव्हतं म्हणून करंजाच्या तेलाची पणती. बैलांसाठी जुनी झूल. शेकोटीला गोवऱ्या. सासऱ्यांची काळी घोंगडी, जी धनगराकडून घेतली तेव्हा पुठ्ठ्यासारखी ताठ होती आणि आता कुठं अंगाला वळायला लागली होती. कपबश्या मात्र मी परत पिठात खुपसल्या. पीठ कोण उपसून बघतंय?

वाकळा घरात मोजक्या. आजीची एक, ह्यांची एक. तिसरी, माझ्यासाठी, शिवावी लागणार होती. कापडाची टंचाई, तेव्हा ज्यानं त्यानं जपून ठेवलेलं निघालं. सासूबाईंचं विटलेलं हिरवं लुगडं, सासऱ्यांची दोन धोतरं, चाचींनी दिलेला एक जुना दुपट्टा. आणि आजीनं आपल्या गाठोड्यातून एक लाल लुगडं काढलं, इतकं जुनं की बोट लावलं तर विरेल. ते तिनं सगळ्यात आत, मधल्या थराला घातलं. वर दिसायला नको, पण असायला हवं, असं.

दुपारी अंगणात पसरून आम्ही तिघी टाके घालायला बसायचो. आजी एका कडेला, चाची दुसऱ्या, मी मधे कुठंतरी. चाचींचा टाका मुंगीच्या पावलासारखा बारीक. माझा बैलाच्या ढांगेसारखा. आजी माझे टाके उसवायची आणि बोलायची.

"ह्ये लाल लुगडं माझ्या पयल्या राखनीचं," ती म्हणाली. "मी बी तुझ्यावानीच नवी हुते. घरात ही माणसं. म्हाताऱ्याचं तोंड बघितलं न्हवतं मी सरळ. रानात गेल्तो तवा पयल्यांदा बोलला."

"काय बोलले?"

"म्हनला, तू चालताना लई आवाज करती. पाखरं उडत्यात. चांगलं हाय."

चाची टाका थांबवून हसल्या. आजी हसली, मग खोकली, आणि खोकला थांबल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाली, "तवापास्नं येकच हिवाळा चुकवला, तुझी सासू नवी हुती तवा. म्हातारा गेला तरी जात ऱ्हायले. घरात काय बोलनं हुतंय? लोकं असत्यात. रानात अजून बोलते मी त्याच्याशी. मचानावर बसून. ह्यो पोरगा खाली ऐकतो आन गप बसतो. गुनाचा हाय."

मी सुई हातात धरून बसले. मला आत्तापर्यंत वाटत होतं म्हातारी मुद्दाम माझ्या आड येते आहे. ती नुसती तिच्या माणसाला भेटायला निघाली होती.

"तुझी सासू बी पयल्या वर्षी राखनीला गेल्ती," आजी आवाज खाली आणून म्हणाली. "जायच्या आदी मुकी गाय हुती. रानात बोलाय लागली ती अजून थांबली न्हाई."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "ऐकू येतंय मला!"

मी आजीला म्हणाले, "आजी, तुम्हीच जा. मी नाही येत. खोपीत उगाच गर्दी." आणि खरंच म्हणाले हो. त्या मूर्ख पोरीनं आयुष्यात केलेली एवढी एकच शहाणी गोष्ट असेल, तीही नाक ओढत ओढत. माझा एक वाकडा टाका आजीनं उसवला, आणि मग दुसरा तसाच राहू दिला.

वाकळ जवळजवळ पुरी झाली. शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, ही तिकडची रीत. त्यात भाकरीचा, नाहीतर गोडाधोडाचा तुकडा घालायचा, वाकळेला घास भरवायचा, आणि मग टाके घालून कोपरा बंद करायचा. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही म्हणे. घास निघायच्या सकाळी भरू, असं आजी म्हणाली.

ती सकाळ उजाडली. धुकं असं की लिंब दिसत नव्हता, नुसता टपटपत होता. गाडीत आधी कडबा अंथरला, मग पोती, मग घोंगडी, वर तिन्ही वाकळा. आमचे हे पुढं, पाठ करून. मला वाटलं होतं ह्यांच्याबरोबर आजीच जाणार. पण सासूबाईंनी माझं गाठोडं गाडीत फेकलं आणि मला पण वर ढकललं. आजीला चाचींनी आणि सासऱ्यांनी धरून चढवलं. ती कडब्यावर बसली, गोफण मांडीवर घेऊन. आळीतल्या सगळ्या बाया दारात. सगळ्यांना त्याच वेळी सडा टाकायचा होता.

"हाका," सासरे म्हणाले.

"थांब," आजी म्हणाली.

तिनं ओढ्याकडं बघितलं. धुक्यात ओढा कुठला दिसायला, पण ती बघत होती. मग तिनं माझ्या मांडीवर गोफण ठेवली. "मला उतरवा. गुडघा धरला."

"कुठला गुडघा?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन्ही."

सासरे म्हातारीला उतरवायला पुढं आले. ती जमिनीवर टेकली, आणि तिथूनच हात वर करून तिनं गाडीतली आपली वाकळ ओढली. "ही माझी. मला लागती."

गाडीत उरल्या दोन. आजीनं नवी वाकळ चाचपली, उघड्या कोपऱ्यात बोट घातलं आणि जीभ चावली. "अगं बया! हिला घास भरायचा ऱ्हायलाच की. उपाशी वाकळ रानात न्यायची न्हाई." आणि तीही ओढून घेतली.

"आजी, मी आत्ता आणते भाकरीचा तुकडा," मी म्हणाले. होय, म्हणाले! समोर पंचपक्वान्नांचं ताट आलं होतं आणि ही बया उठून पाट शोधायला निघाली होती.

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या. "भाकरी शिळी हाय."

चाचींना एकदम ठसका लागला. समोरच्या दारातल्या एका बाईनं सड्याचा तांब्या स्वतःच्या पायावर ओतला. सासरे बैलांच्या शिंगांकडं असं बघू लागले जसं काही ती आजच उगवली आहेत. पुढं बसलेल्या पाठीकडं मी बघितलं. पाठ हलली नाही, पण दोन्ही कान लालभडक झाले होते. मी पदरात तोंड घातलं ते ओढा येईपर्यंत बाहेर काढलं नाही.

ओढ्यात बैल पाणी प्यायला थांबले. गाव मागं धुक्यात बुडालं होतं. पाठीनं घसा साफ केला.

"एक सांगू का?" ते म्हणाले. तीन शब्द! आणि सगळे मला उद्देशून!

"सांगा की."

"मला गोफन येत न्हाई."

"काय?"

ते वळले. तो तिरका दात, ते तोंड, सगळं समोर. "लहानपनी मारली हुती येकदा. आज्याच्या पागोट्याला लागली. तवापास्नं पाखरं आजीच हाकती. मी भाकरी करतो."

"मग मी..."

"तू रांजन फोडलास तवा मला लई बरं वाटलं."

आणि मग आम्ही दोघं जे हसायला लागलो ते बैलांनी माना वळवून बघेपर्यंत. त्या वर्षी आमच्या रानावर जिल्ह्यातली सगळी पाखरं जेवायला आली असतील. एका मचाणावर दोन बिनकामाची माणसं. मी ओरडून घसा बसवला, त्यांनी पत्र्याचा डबा बडवला, आणि पाखरं दोन्हीला सरावली. भाकरी मात्र ते माझ्यापेक्षा चांगली थापायचे, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. पिठातून कपबश्या निघाल्या तेव्हा त्यांनी नुसता गुळाचा चहा ठेवला. पहाटे बोटं वाकत नसायची, गवतावर दव पडलेलं असायचं, आणि आम्ही मचाणावर घोंगडीत गुरफटून, निळ्या फुलांच्या कपात चहा ओतून, बोलत असायचो. काय बोललो ते विचारू नका. बैलांबद्दल, नगरच्या तंबूंबद्दल, तिखटाबद्दल. त्यांना गोड आवडायचं. ते बैलांना कोडी घालायचे. आणि 'बास' ते लाजून म्हणायचे. भूक तर त्यांना नेहमीच असायची. बोलता बोलता ऊन अंगावर यायचं आणि समोर पाखरं निवांत कणसं सोलत असायची.

दाणा टणक झाला, राखण संपली, आम्ही परत आलो. मी गाडीतून उतरले ती बोलतच. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "लागली ही बी बोलाय." सासरे गाडीतली पाखरांनी सोललेली कणसं उचलून बघू लागले. आजीनं मला जवळ बसवलं, म्हाताऱ्याच्या मचाणाची चौकशी केली, त्याला सांगितलंस का मी येऊ शकले न्हाई म्हणून, असं विचारलं. मी सांगितलं होतं. पहिल्याच पहाटे, मोठ्यानं.

मग तिनं गाठोडं सोडलं आणि माझी वाकळ काढून दिली. वाकळ कुठली, ती कापून आजीनं आणि चाचींनी हातभर केली होती. चारी बाजूंनी मुंगीच्या पावलांचे टाके, मधे कुठंतरी ते लाल लुगडं. दुपटं! बाळाचं! आणि एक कोपरा उघडा.

"घास तूच भर," आजी म्हणाली. "लागंल तवा."

ओसरीवर हशा पिकला, चाची टाळी द्यायला भिंतीपलीकडून धावल्या, आणि मी लाजून कणगीच्या मागं. आता त्या सगळ्यांना कोणत्या तोंडानं सांगू की आम्ही दोघांनी तिथं पाखरांकडंसुद्धा बघितलं नाही, कारण आम्ही नुसतं बोलत बसलो होतो? त्यामुळे ते दुपटं दोन हिवाळे पेटीत तसंच पडून राहिलं. आजी अधूनमधून विचारायची, "कोपरा शिवला का गं?" आणि मी म्हणायचे, "अजून बोलणं संपलं नाही, आजी."

तिसऱ्या संक्रांतीला मी त्या कोपऱ्यात गुळपोळीचा तुकडा घातला. टाके आजीनंच घातले. त्या वर्षी राखणीला ती परत गेली, गुडघे एकदम बरे झाले म्हणून.